ट्रकवरचा माळा

घोडेवालीच्या ट्रकवर तिच्या सुतार नवऱ्याने लाकडी माळा चढवला, तेव्हा मोटारींच्या कारखान्याच्या फाटकाशी बसणाऱ्या रिकामटेकड्यांनी विचारलं, "वर काय, पाहुणे झोपवणार का?"

"मोटार झोपवणार," ती म्हणाली. ते पोट धरून हसले. हसेनात का! नव्या मोटारी तोवर एकेक करून चालवत घाटापलीकडच्या दुकानात पोचवायचे, आणि पोचेपर्यंत त्या नव्या राहायच्या नाहीत. चिखलाने माखलेली, खड्यांनी टवके उडालेली मोटार पाहून गिऱ्हाईक नाक मुरडणार नाही तर काय करणार? एकाच ट्रकवर दोन मोटारी, एक खाली आणि एक वर, ही अक्कल घोडेवालीची. वासे, फळ्या आणि काळजी नवऱ्याची.

तिच्या वडिलांचा धंदा शर्यतीचे घोडे गावोगाव पोचवायचा. पुढे तिनेही तोच केला, म्हणून हे नाव पडलं. मोटारी आल्या आणि घोड्यांना कोणी विचारेनासं झालं. मोटारींनी माझं काम खाल्लं, तर आता मोटारींनीच मला पोसावं, असं तिचं सरळ म्हणणं. हे काम मिळालं नाही तर ट्रक विकायचाच होता.

कारखान्यातून मोटारी रवाना करणाऱ्या यार्डसाहेबाने एक फेरी दिली, तीही उपकार केल्यासारखी. "एक जरी ओरखडा आला ना बाई, तर या फाटकातून पुन्हा आत यायचं नाही."

माल चढवायच्या धक्क्यावरून दोन फळ्या टाकून पहिली मोटार माळ्यावर ढकलली. सुताराने डोळे मिटून घेतले होते. माळा कुरकुरला, पण तग धरून राहिला. खालची मोटारही चढली. मग घोडेवालीने वरच्या मोटारीच्या चाकांपुढे-मागे ठोकळे ठोकले आणि चाकं तेवढी फळ्यांना बांधली.

"हे काय?" साहेब ओरडला. "टपावरून दोर टाका. करकचून आवळा."

"साहेब, घोड्याला कोणी पाठीवरून दोर टाकून आवळतं का? तो पाय रोवून उभा राहतो आणि हिसका बसला की अंग सावरतो. हिला स्प्रिंगा कशाला दिल्यात मग? पाय बांधा, अंग मोकळं सोडा."

"मोटार म्हणजे घोडा नव्हे."

"तेवढं बरं आहे. लाथ मारत नाही."

सुताराने तिला बाजूला ओढलं. "अगं, ऐक ना त्यांचं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"अहो, पण मासा मला चालायला शिकवतोय!"

शेवटी वाटणी झाली. वरची मोटार तिच्या पद्धतीने, खालची साहेबाच्या. साहेबाने कोट काढून ठेवला, खालच्या मोटारीवरून दोर टाकला, स्वतःच्या हाताने चार गाठी मारल्या आणि ट्रकमध्ये तिच्या शेजारी येऊन बसला. सुतार दाराशी अंग चोरून बसला.

घाटात पहिल्याच वळणावर वरची मोटार डुलायला लागली.

"हलतेय! थांबवा!"

"हलू दे. हलतेय म्हणूनच टिकतेय."

भीती तिलाही वाटत होती. प्रत्येक खड्ड्याला ती माळ्याच्या कुरकुरीकडे कान लावत होती. पण ती भीती या माणसाच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती. ती डोळे रस्त्यावर ठेवून चालवत राहिली.

दुकानाच्या धक्क्याशी ट्रक लागला. वरची मोटार जशीच्या तशी होती; दुकानदाराने बोट फिरवून पाहिलं, धुळीशिवाय काही लागलं नाही. खालच्या मोटारीच्या दारावर मात्र रंग पार पत्र्यापर्यंत गेला होता. खड्ड्यागणिक मोटार खाली बसली होती, दोर सैल पडला होता आणि वाटभर करवतीसारखा घासत आला होता.

साहेबाने खिशातून कागद काढून भराभर लिहिलं. "वाहतुकीत ओरखडा. वाहक जबाबदार. बाई, इथे सही करा. आणि तो दोर सोडा आधी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवयीने सुतार गाठीकडे वळला.

"हात लावू नका!" ती कडाडली. सुतार जागच्या जागी थिजला. मग ती साहेबाकडे वळली. "वरची उतरवते, ती मी बांधली होती. ही अशीच परत नेणार. फाटकातून आत यायचं नाही ना? नाही येत. बाहेरच उभी करते, कामगारांची पाळी सुटायच्या वेळेला. दोर तुमचा, गाठी तुमच्या. सगळ्यांदेखत तुम्हीच सोडा."

"बाई, मी सांगतोय—"

"सांगा की. तिथे सांगा."

वरची मोटार फळ्यांवरून अलगद दुकानाच्या धक्क्यावर उतरली. साहेब हातात कागद धरून उभाच होता. घोडेवाली स्टिअरिंगवर जाऊन बसली. कधी कोणाला उलटून न बोललेल्या सुताराने ट्रकचं दार उघडून धरलं आणि विचारलं, "साहेब, बसताय, की चालत येताय?"