चंद्रविलासचा जिना

पुण्याच्या वीस आर्किटेक्टना कोल्हापूर पायी फिरवायचं दीप्ती कांबळेनं कबूल केलं, ते २००३ सालच्या जानेवारीत. देऊळ नको, राजवाडा नको. स्वातंत्र्यानंतर शहरात उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारती दाखवायच्या, मधेमधे खायला घालायचं आणि शेवटी सगळ्यांना एखाद्या परमिट रूममध्ये बसवायचं. ती स्वतः नुकतीच आर्किटेक्ट झालेली, सत्तावीस वर्षांची. सोबतीला तिनं सयाजीमामांना घेतलं. मामा तिच्या वडिलांचे दोस्त, सेंट्रिंगचे जुने मिस्त्री; स्लॅब ओतायच्या आधी फळ्यांचा साचा बांधणारे. शहरातल्या निम्म्या स्लॅबना आपला हात लागलाय, असं ते सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

पाहुणे रविवारी येणार होते. शुक्रवारी दोघं रस्ता चालून बघायला स्टेशनपासून निघाले. मिसळीवरून वाटेत वाद झालाच.

"पुण्याची माणसं. कट सोसायचा न्हाय त्यास्नी."

"वर दही घालू, मामा."

"दही घालून खायाची तर पुण्यातच खावा म्हणावं की!"

दुपारी एकच्या सुमाराला ते शाहूपुरीतल्या चंद्रविलास लॉजवर पोचले. खाली केरबाची परमिट रूम, वर आठ खोल्या, आणि मधोमध काँक्रीटचा गोल जिना. मधे खांब नाही. भिंतीतून निघून वळत वळत वर गेलेला. त्याचा साचा १९६६ साली मामांनी बांधला होता.

"इंजिनेर म्हणाला, पडंल. फळ्या काढल्या त्या दिवशी मीच खाली हुबा राहिलो," मामा म्हणाले. दीप्तीनं ते वहीत लिहून घेतलं. मग गळ्यात कॅमेरा अडकवून ती पायऱ्यांची मापं घेत वर चढू लागली.

इमारत एका बिल्डरनं विकत घेतली होती. केरबा सव्वीस वर्षं तिथं भाडेकरू; पाडकामाला कोर्टानं दिलेला मनाई हुकूम काउंटरमागं काचेत लावून बसलेला. दारात जीप थांबली तेव्हा त्यानं हातातला ग्लास हळूच खाली ठेवला.

पाच जण आत आले. पुढं सम्राट, बिल्डरचा माणूस, तालमीत कमावलेल्या अंगाचा. मागच्या दोघांच्या हातात घण.

"मनाई हुकूम हाय," केरबा म्हणाला.

सम्राटनं त्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड काउंटरवर आपटलं. दोनदा. दात मोडल्याचा आवाज जिन्यावर दीप्तीला ऐकू आला. मग सम्राटनं वर बघितलं.

"ही कोण? फोटो कुणासाठी काढतीस गं?"

त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा खालून हिसकला. पट्टा तिच्या गळ्यातच होता. ती तीन पायऱ्या घसरत खाली आली, हनुवटी पायरीच्या कडेवर फुटली.

"रविवारी माणसं आणणार आहे," ती कशीबशी म्हणाली. "जिना बघायला."

"रविवारी हितं काय बी नसंल."

एकानं जिन्याच्या पायथ्याशी घण घातला. ढलपा उडाला. दुसऱ्या घावाला आतली सळई दिसली. तेव्हा मामा जिन्याला पाठ लावून उभे राहिले.

"वर दोन पावणं झोपल्यात. जीव घेताय का त्यांचा?"

"म्हाताऱ्या, बाजूला सर."

"न्हाय सरत."

सम्राटनं दुसऱ्याच्या हातातला घण घेतला. हा नुसती भीती घालतोय, असं दीप्तीला वाटलं. त्यानं घण आडवा फिरवला. मामांचा डावा हात घण आणि जिना यांच्यामध्ये सापडला. मामा जिन्याला घासत खाली बसले. कोपरापासून हात भलतीकडं वळला होता, बाहीतून हाड वर आलं होतं.

काउंटरशेजारी सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट होता. दीप्तीनं एक उचलली आणि सम्राटच्या कानावर घातली. तो वळला. दुसरा तडाखा कपाळावर बसला, बाटली फुटली. तो गुडघ्यांवर आला. हातातला घण सुटला होता. हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. तरी तिनं उरलेल्या काचेनं तिसऱ्यांदा मारलं. त्याचा कान अर्धा लोंबला. चौथ्यांदा हात वर गेला तेव्हा रक्तानं भरलेल्या तोंडाचा केरबा मागून तिला कवेत धरून म्हणाला, "बास पोरी, बास. मरंल त्यो."

बाकीच्यांनी सम्राटला उचलून जीपमध्ये टाकलं.

दीप्तीच्या हनुवटीला सात टाके पडले. मामांच्या हातात सळई घातली. हात पुढं कधी सरळ झाला नाही. शनिवारी तिनं पुण्याला फोन करून "येऊ नका" सांगितलं. मार्चमध्ये पाहुणे आले. जिन्याला लोखंडी टेकू लावले होते. मामांनी त्यांना जिन्याचं सगळं सांगितलं. ती दारातच उभी राहिली. आत पाऊल पडेना.

दोन्ही बाजूंच्या केसेस तीन वर्षं चालल्या. वकील तिला म्हणाला, "झटापटीत बाटली लागली, एवढंच सांगा. सुटाल."

मामाही म्हणाले, "सांग की तसं. त्येनं काय कमी केलंय का?"

कोर्टात तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दोनदा मामांसाठी मारलं. तिसऱ्यांदा तो खाली पडला होता. तरी मारलं." वकिलानं कपाळाला हात लावला.

बाहेर चहाच्या गाड्यापाशी सम्राट उभा होता. केस वाढवून त्यानं कान झाकला होता. मामा दिसताच त्यानं मान खाली घातली. मग तिच्याकडं आला.

"खरं कशाला सांगितलंस? माझा वकील खूश झालाय."

"माझ्यासाठी सांगितलं. तुझ्यासाठी नाही."

"म्हाताऱ्याचा हात..."

"त्यांना विचार. मला नको."

तो मामांकडं गेला नाही. निकालात सम्राटला दोन वर्षांची शिक्षा झाली. तिला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. हमीचा कागद पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. मामांनी उजव्या हातानं कागद दाबून धरला, आणि तिनं सही केली.