थोतीकोंगची मूठ

"माझ्या खांबांना आता कालवं लागत नाहीत, देव लागतात!" असं म्हणत नदीच्या मुखाशी खांब रोवून कालवं पिकवणाऱ्या लान मावशीनं टोपली आमच्या दारातच उपडी केली.

सात-आठ मूर्ती फरशीवर गडगडल्या. चिखलानं माखलेल्या. एकीचं नाक उडवलेलं, एकीचे पाय तोडलेले, एकीचं तर मुंडकंच गायब.

"सिओक, पुजारी म्हणालाय, नीट करून दे, देवळात ठेवून घेतो." मग तिनं आत तोंड करून हाक मारली, "काय लाऊ उस्ताद, तुमची लेकरं माहेरी आलीत! बघा तरी!"

बाबा आले नाहीत. एरवी लाकडाचा आवाज झाला की सगळ्यांच्या आधी धावायचे.

त्या वर्षी तैवानभर आकड्याच्या जुगाराची कीड लागली होती. माणसं देवाकडे आकडा मागायची, झाडाकडे मागायची, वेड्या माणसाच्या बडबडीतून शोधायची. लागला की देवापुढे डुक्कर. बुडाला की देवाचे हातपाय तोडून नदीत. बायकोवर हात उगारण्यापलीकडे ज्यांनी कधी मर्दुमकी केली नाही, ते आता हातभर लाकडावर कुऱ्हाड चालवत होते आणि वर भक्त म्हणवत होते. थू!

"तुझा बाप मात्र देवमाणूस," मावशी म्हणाली. "जन्मभर देव घडवले, पण एक आकडा मागितला नाही."

मी मूर्ती धुवायला घेतल्या. शेवटची लहान होती. चिखल निघाला आणि डावा डोळा दिसला. जरासा वर गेलेला. तो डोळा मी रंगवला होता, आयुष्यातला पहिला. बाबा तेव्हा हसले होते, "राहू दे, हा आपल्याच घरात बसणार. बघेल आपल्याकडे तिरका."

आमचा भूमिदेव. आमचा थोतीकोंग! दोन आठवड्यांपूर्वी बाबांनीच लाल कपड्यात गुंडाळून नेला होता. मित्राच्या नव्या दुकानात चार दिवस पाहुणा, म्हणाले होते.

"बाबा!" मी ओरडले. "तुमच्या मित्राकडून चोरीला गेला हो! बोटं तोडलीत मेल्यांनी!"

आणि मग मला तो काप दिसला.

बाकीच्या मूर्ती कुऱ्हाडीनं फोडल्या होत्या, चिरफाळ्या उडाल्या होत्या. याची उजव्या हाताची बोटं कशी, लाकडाच्या रेषेरेषेनं, गोलसर, गुळगुळीत उतरवलेली. आणि प्रत्येक कापावर केसाएवढी एक उंच रेघ. बाबांच्या गोल पटाशीच्या धारेला टवका आहे, ती रेघ त्याचीच. वीस वर्षं मी ती रेघ पॉलिश कागदानं घासत आलेय. डोक्याला कळायच्या आधी अंगठ्याला कळलं.

मी मूर्ती घेऊन आत गेले. बाबा तीच पटाशी तेलाच्या फडक्यानं पुसत बसले होते.

"कुणी केलं हे?"

"दिसतंय ना तुला."

"बाबा!"

"ओरडू नकोस." ते पटाशीकडेच बघत होते. "सातशे देव घडवले मी. ते लोकांना आकडे देतात, लोक मला पेढे आणून देतात. मी एकदाच मागितलं. एकदाच! हा सोन्याचा गोळा मुठीत धरून हसत बसला."

"म्हणून बोटं कापायची?"

"मूठ सोडेना."

मी मूर्ती त्यांच्यापुढे धरली.

"विचारलंत तरी का त्याला?" मी म्हटलं. "बाहेर बोलावलंत?"

डोळे उघडलेल्या, म्हणजे प्राणप्रतिष्ठा झालेल्या देवाला हत्यार लावायचं तर आधी कौल लावून विचारायचं, बाहेर येता का? होकार आला की मग ते नुसतं लाकूड. न विचारता कापलं तर ते अंग. हे मला याच माणसानं शिकवलं होतं.

बाबांनी पटाशी खाली ठेवली.

मी बाहेर आले, मूर्ती ओळीनं मांडल्या, उदबत्ती लावली आणि कौलाच्या दोन लाकडी फाका हातात घेतल्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. मुंडकं नसलेल्यानंसुद्धा पहिल्याच फेकीत होकार दिला. कोण थांबेल असल्या भक्तांपाशी?

मग आमचा. "बाहेर येता का?"

दोन्ही पालथ्या. नाही.

पुन्हा. नाही. तिसऱ्यांदा, नाही.

मी प्रश्न फिरवला. "आत आहात?"

एक उताणी, एक पालथी.

"अगं बाई," मावशी म्हणाली आणि तिनं ओल्या हातांनी तोंड झाकलं.

बाबा उंबऱ्यात येऊन उभे होते. "पुन्हा लाव," म्हणाले.

लावला. आहे.

"सिओक, नीट लाव गं. पुन्हा."

आहे.

बाबा भिंतीला धरत खाली बसले. "म्हणजे मी कापत होतो, तेव्हाही हा आत…" एवढंच म्हणाले.

बाकीचे देव मी दुरुस्त करून देवळात पोचवले. आमचा अजून बाहेर यायला तयार नाही, त्यामुळे त्याला पटाशी लावता येत नाही. तो पूर्वीच्याच जागी बसलाय, बोटांशिवाय, तिरका बघत. बाबांनी त्या दिवसापासून हत्यार धरलेलं नाही. आता लाकूड मीच कोरते.

देवापुढे सकाळचा चहा मात्र तेच ठेवतात. पूर्वी कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवायचे. आता उचलून त्याच्या ओठांपाशी धरतात. चहा सांडतो, मनगट भाजतं. वाफ थांबेपर्यंत ते हात खाली घेत नाहीत.