ताईंची बटणं

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, माझ्यावरची अक्षरं पार पुसली गेली आहेत, म्हणून परका माणूस सहसा माझ्या वाटेला जात नाही.

जन्म माझा कारखान्यातला, पण मला वळण लावलं ते आमच्या ताईंनी. ताई इस्पितळातल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहितात. रुग्णाचा श्वास मंदावला की खाटेजवळचा भोंगा वाजतो ना, तो प्रोग्रॅम त्यांचाच. कोड लिहायच्या एडिटरमध्ये त्यांनी सगळे शॉर्टकट मनासारखे बदलून घेतले. माउसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. इतरांकडे कंट्रोल आणि एस दाबलं की लिहिलेलं फक्त सेव्ह होतं. ताईंकडे ते सेव्ह होऊन थेट इस्पितळातल्या यंत्रांवर जातं. मध्ये ‘खात्री आहे का?’ असं विचारलं जायचं, तेही त्यांनी काढून टाकलं. “दर वेळी काय तेच तेच!” त्यांचा वेग बघायला लोक जमायचे आणि मी फुशारून जायचो. पण तो प्रश्न गेला तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. ताईंच्या तर ते इतकं अंगवळणी पडलं, की आपलं काही वेगळं आहे हेच त्या विसरल्या.

आज ताई आल्या नाहीत. त्यांचे बाबा त्याच इस्पितळात आहेत. दुपारी शेजारच्या टेबलावरच्या भाऊंना त्यांचा फोन आला.

“भाऊ, माझ्या मशीनवर बसून भोंग्याचा आवाज तेवढा वाढवून ठेवाल का? पाठवू मात्र नका, उद्या मी बघते.”

“अहो, चुटकीसरशी करतो. तुम्ही बाबांकडे बघा.”

भाऊ सज्जन माणूस. तपासताना कानाशी कटकट नको म्हणून त्यांनी आधी कोडमधली भोंगा वाजवणारी ओळच बंद केली. सगळे असंच करतात. काम संपलं की ओळ पुन्हा चालू करायची. मग सवयीने बोटं पडली, कंट्रोल आणि एस. मला ओरडता येत नाही हो! स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पाठवलं’ असं उमटलं आणि गेलं. भाऊ तेव्हा चष्मा पुसत होते.

थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला.

“भाऊ, काल दिवसभर बाबांचं यंत्र नुसतं कोकलत होतं. आता बघा, एकदम गप्प. मी जरा डोळा लावते.”

“लावा की. किती जागरणं करणार?”

फोन ठेवून भाऊ जेवायला गेले. खोलीत आता कोणी नाही.

मित्रांनो, शॉर्टकट हवे तेवढे बदला, पण आपल्या जागी दुसरा बसणार असेल तर त्याला आधी सांगा. ते शहाणपण नंतर शिकलात तरी चालेल. तुमच्यापैकी कोणी त्या इस्पितळात असाल, तर आत्ता धावत जा आणि ताईंना उठवा.