पळता न येणारी

"वाघापुढं उभी ऱ्हायली राव तुमची नात," शेजारचा भरत ओट्यावर टेकत म्हणाला. "आमची पोरं चपला टाकून पळाली."

पिंपळवंडीत बिबट्याला वाघच म्हणतात. रखमाजींनी हसून दाखवलं. त्या दुपारी शाळा सुटल्यावर बिबट्या उसातून वाटेवर आला, मुलं पळाली आणि त्यांची श्रेया एकटी मागे राहिली. तिचं डावं पाऊल जन्मापासूनच आत वळलेलं. बिबट्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो पलीकडच्या उसात शिरला.

"उद्या शाळंत सत्कार ठेवलाय आम्ही. वाघीण म्हणत्यात तिला."

भरत गेल्यावर रखमाजी आत आले. श्रेया भिंतीला टेकून बसली होती.

"आबा, मी उद्या जाणार नाय."

"अगं, सगळी पळाली. तू एकटीच..."

"मला पळता येत नाय, आबा. येत असतं तर मीच पुढं असते."

असंच काही असेल, हे रखमाजींनाही ठाऊक होतं. तरी नात धीट निघाली हे ऐकायला बरं वाटलं होतं.

"आधी लंगडी म्हणायचे, पण पोरं माझ्यासाठी थांबायची तरी," ती म्हणाली. "आता म्हणतील, हिला कशाचं भ्या? अन् मंग कोणीच थांबायचं नाय."

हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी पायात चपला घातल्या आणि भरतचं घर गाठलं.

"भरत, सत्कार नगं. पोरगी लई भ्यालीय. पोरांना तसंच सांग."

"आबा, काय राव. पेपरात फोटो आला असता."

"भ्यालीय म्हनून सांग."

सकाळी श्रेयाच्या वर्गातली सफा दारात आली. काल तीही पळाली होती. तिने श्रेयाकडे न बघताच विचारलं, "येती का?"

"आज आला तर मी रडणार," श्रेया म्हणाली.

"मी बी. चल."

बाकीची मुलं वाटेवर थांबली होती. त्यांचे डोळे उसाकडे होते. श्रेया त्यांच्यात पोचल्यावर सगळी निघाली, तिच्या चालीने.

वाटेने मोठ्याने बोलत जायचं, असं मुलांना बजावलेलं होतं. ती पाढे म्हणू लागली. वळणावर उसाने त्यांना झाकलं. रखमाजी बांधावर उभे राहून कान देत होते. एवढ्या आवाजांत श्रेयाचा कुठला, ते त्यांना ओळखू येईना.