दहा मापटी धणे

मी मापटं बोलतोय. पितळेचं, ओठाशी थोडं चेपलेलं, डोंबिवलीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ओट्यावर बसलेलं. काही गोड ऐकायला मिळेल असं वाटत असेल तर आधीच सांगतो, मला राग आलाय.

माझा जन्म संगमेश्वरच्या बाजारातला. तांबटाने पत्रा ठोकून मला गोल केलं, तळाला डाख दिला. हौसाबाईच्या आईने मला तांदूळ मापायला घेतलं. पुढे सरकारने शेर, मापटी, चिपटी सगळी बाद केली आणि लिटर आणले. म्हणजे सरकारदरबारी मी कधीच मेलोय. पण घरातल्या बायकांना ते कोणी कळवलं नाही. हौसाबाई लग्न होऊन डोंबिवलीला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत मी होतो.

तिचा नवरा गुणाजी एका केमिकलच्या कारखान्यात कामाला होता. त्याची छाती बिघडली, तो घरी बसला, आणि हौसाबाईने मसाला करून विकायला घेतला. पाच किलो मिरचीला दहा मापटी धणे, तीन मापटी बडीशेप, दोन जिरं, एक तीळ, एक खसखस. बाकी दगडफूल, हळकुंड वगैरे मुठीने. तीस वर्षं हे चाललं. यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. गुणाजी गेला, तरी मसाला चालू राहिला.

लोकांना वाटतं, माप म्हणजे माप. तसं नसतं. धणे आणि बडीशेप भरताना हौसाबाई मला काठाच्या वर भरायची, कडेने दाणे ओघळायला लागेपर्यंत. त्या वरच्या ढिगाला शीग म्हणतात. जिरं, तीळ, खसखस मात्र तळहात फिरवून सपाट. दहा मापट्यांच्या दहा शिगा धरल्या तर जवळजवळ दोन मापटी धणे जास्त जातात. मिरचीचा जाळ तिथे खाली बसतो.

हे तिने फक्त सुनेला शिकवलं, कारण शेगडीपाशी उभी राहायची ती सूनच. समीक्षा. अकरा वर्षं ती एप्रिल-मे महिन्यात गॅलरीत मिरच्या वाळवते, नाकाला ओढणी बांधून भाजते आणि मसाला कांडायच्या डंकावर नंबर लावून चार-चार तास बसते. ठाण्याच्या ऑफिसांतल्या बायका तिच्याकडून पाच-पाच किलो मसाला नेतात. तिचा नवरा सुदेश, म्हणजे हौसाबाईचा मुलगा, मिरची भाजायला घेतली की स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घ्यायचा. खोकला येतो म्हणायचा.

सुदेश वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत सुपरवायझर होता. कमलेश म्हणून त्याचा शाळेतला मित्र बारा वर्षं मस्कतला आहे. त्याने सुदेशच्या डोक्यात घातलं की इथे आपली माणसं भरपूर आहेत, मसाल्याला मागणी आहे, येऊन कारखाना टाक. सुदेशने नोकरी सोडली. आधी तो जाणार, गाळा घेणार, परवाना काढणार. मग समीक्षा आणि नऊ वर्षांची मुलगी संचिता जाणार. हौसाबाई इथेच राहणार. समीक्षा खूश होती. 'आपला कारखाना' असं ती दोनतीनदा बोलली, एकदा तर मला घासताना, कोणीच नसताना.

जायच्या आधी एका रविवारी सुदेशने मला हातात घेतलं. त्याच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. नवीन डिजिटल काटा आणला होता. त्याने माझ्यात धणे भरले, खिशातलं एटीएम कार्ड काढून वरून फिरवलं, सपाट केलं आणि वजन मोबाइलमध्ये लिहिलं.

"अरे, धणे असे नाही…" समीक्षा म्हणाली.

"थांब गं, आकडा विसरेन."

त्याने बडीशेप घेतली. परत कार्ड फिरवलं. सगळं झाल्यावर मोबाइल खिशात टाकून म्हणाला, "झालं. आईचं सगळं डोकं आता माझ्या मोबाइलमध्ये."

हौसाबाई लसूण सोलत होती. तिने मान वर केली, सुनेकडे पाहिलं आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

त्याच आठवड्यात कमलेशने कागद पाठवले. समीक्षाने ते ओट्यावर, माझ्या शेजारी ठेवून वाचले. तिच्या व्हिसाच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, गृहिणी. धंद्याच्या कागदावर दोन नावं, सुदेश आणि कमलेश. तिसरा कागद पाकिटाच्या लेबलाचा. त्यावर हाताची घडी घालून उभा असलेला सुदेश आणि वर मोठ्या अक्षरांत, 'सुदेश'ज किचन'. किचन म्हणे.

"हे गृहिणी काय लिहिलंयस?"

"अगं, त्याने व्हिसा पटकन होतो. नुसता रकाना आहे तो."

"आणि भागीदारीत माझं नाव?"

"तू आणि मी काय वेगळे आहोत? तू म्हणजे मीच ना."

"मग माझंच लिहायचंस. मी म्हणजे तूच."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. मी काचेचा असतो तर त्या दिवशी तडकलो असतो.

जूनमध्ये तो गेला. ऑगस्टमध्ये त्याने पहिल्यांदा चाळीस किलो मसाला केला आणि फोन आला. समीक्षा पोळ्या करत होती, तिने फोन स्पीकरवर टाकला.

"जळजळीत झालाय गं. कमलेश म्हणतो, हा मसाला नाही, नुसती मिरचीपूड आहे. काय राहिलंय ते सांग पटकन."

"मोबाइलमध्ये बघ ना. आईंचं डोकं आहे त्यात."

"टोमणे नंतर मार."

"मी गृहिणी आहे. मला कारखान्यातलं काय कळणार?"

"आईला दे फोन."

हौसाबाईने पदराला हात पुसून फोन घेतला. मला धडकी भरली. आईच ती, सांगून टाकेल असं वाटलं.

"जेवलास काय रे?"

"जेवलो. आई, तो मसाला…"

"जेवलास ना, मग ठेव."

फोन बंद करायचा कसा ते तिला येत नाही, म्हणून तिने तो सुनेच्या हातात दिला. मग म्हणाली, "मी फुकट देऊन टाकलं असतं गं. जन्मभर तेच केलं. तू देऊ नको."

समीक्षाने त्याला सरळ कळवलं. माझं आणि आईंचं नाव त्या कागदावर आलं की सांगते. नाही आलं तर मी विमानात बसणार नाही.

त्यावर जे झालं ते मी पुष्कळ दिवस ऐकत होतो. तिकिटं काढलीत, संचिताचा शाळेतून दाखला काढलाय, पोरीला घरी बसवणार का, घर मोडायला निघालीस का. चुलतसासऱ्यांचा फोन आला, सुनेने इतकं ताणू नये. संचिता दुपारी रिकाम्या दप्तरातून जुन्या वह्या काढून बसायची, आणि समीक्षा तिच्याकडे पाठ करून भांडी लावत राहायची. तिला जायचं नव्हतं असं नाही. अर्धी भरलेली बॅग ती रोज उघडायची, आणि पुन्हा बंद करायची.

दहा दिवसांनी कागदाचा फोटो आला. तिसरं नाव समीक्षाचं.

"आईंचं कुठाय?" तिने फोन करून विचारलं.

"आई येणारसुद्धा नाही इकडे. तिला कशाला?"

"एक नाव लिहिलंस, एक सांगते. धण्याला शीग लाव."

"काय लावू?"

त्याला तो शब्दच माहीत नव्हता. माझ्या घरात वाढलेला मुलगा. समीक्षाने नीट समजावून सांगितलं, वजनात किती धणे वाढवायचे तेही.

"आणि दुसरं?"

"दुसरं नाव," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्याने पुन्हा चाळीस किलो केला. जाळ कमी झाला, पण वास काही येईना. तो कुठून येणार, बडीशेप कार्डानेच मापलेली. चार दिवसांनी मेसेज आला, आईची सही पाठव.

हौसाबाईने आजवर सगळीकडे अंगठा दिलेला. समीक्षाने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, पेन दिलं आणि वर एकदा लिहून दाखवलं, हौसाबाई गुणाजी मांडवकर.

"नुसतं हौसा लिहिलं तर चालेल काय?"

"नाही. पूर्ण."

तुम्हाला वाटेल, आता माझा राग गेला असेल. नाही गेला. या दोन बायकांची नावं कागदावर आली ती त्यांच्या राबण्याने नाही, ऐंशी किलो मसाला वाया गेला म्हणून आली. लेबलावर अजून सुदेशच हाताची घडी घालून उभा आहे. सही पोचली की बडीशेपेचं सांगायचं, आणि पुढच्या गुरुवारी समीक्षाने मला टॉवेलात गुंडाळून मस्कतला न्यायचं असं ठरलंय. हौसाबाईचा हात मला पुन्हा लागेल असं वाटत नाही. तिचा निरोप घेताना तिला काय सांगू, तेच सुचत नाही. तुम्हाला मात्र सांगतो. एखाद्या अर्जावर घरातल्या बाईचा व्यवसाय लिहायची वेळ आली, तर तिला विचारा. ती सांगेल तेच लिहा, तिच्याच शब्दांत.

आता दुपार आहे. हौसाबाई जमिनीवर बसून लिहितेय. पाच ओळी झाल्यात. पंख्याने कागद उडतो, म्हणून समीक्षाने मला त्याच्या कोपऱ्यावर ठेवलंय. 'गुणाजी'पाशी तिचं पेन अडलंय. मी हलत नाही. तिचं लिहून होऊ दे.