एक किलवर

ब्रिज हा खेळ ज्यानं काढला त्याला बायको नसणार, आणि असलीच तर ती बहिरी असणार. नाहीतर चार शिकलेली माणसं दर रविवारी दुपारी टेबलाला चिकटून "एक किलवर", "पास", "दोन बदाम" असं कोड्यात बोलत बसतात आणि चहा घेऊन आलेल्या बाईकडं मान वर करून बघत नाहीत, हे कुणी खपवून घेतलं असतं? मी घेतलं, उभा जन्म घेतलं. आमचे हे, शंभुलिंग, मित्रांचे आप्पा, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. समोरच्या खुर्चीत त्यांचे भिडू हणमंतप्पा, शेतकी खात्यातले. आडव्या बाजूंना हायस्कूलचे हेडमास्तर जैनोद्दीन सर आणि मोंढ्यातले अडते आण्णासाहेब. अख्ख्या कळंबात हा खेळ दुसऱ्या कुणाला येत नव्हता, त्यामुळं आपण फार मोठं काहीतरी करतो असं ह्या चौघांना वाटायचं.

मागच्या दिवाळीत हणमंतप्पा गेले आणि संक्रांतीच्या आत ह्यांना झटका आला. उजवा हातपाय गेला, वाचा गेली. धाराशिवचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. बोलतं ठेवा, थोडंफार येईल." सुरुवातीला हे "बा… बा…" असं काहीतरी करायचे. मग तेही सोडलं. मग जेवण सोडायला लागले. आधी भाकरी, मग भात, शेवटी पेजसुद्धा ओठाच्या कडेनं गळू द्यायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. नाकातून नळी घातली तर डाव्या हातानं उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मी रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी, त्यांच्या मनातच नाही. असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत." मी त्या पोराला चार शब्द सुनावले आणि परतीच्या एसटीत तोंडाला पदर लावून रडले. मधे येरमाळा आलं, माझं माहेर, पण खिडकीतून बाहेर बघायचंही भान नव्हतं.

हॉलमधला कॉम्प्युटर आमच्या दीपमालानं बापाच्या रिटायरमेंटला दिलेला. ब्रिज शिकवणारा एक प्रोग्राम तिनं त्यात घालून दिला होता. हे त्याला नाक मुरडायचे, यंत्राशी कसला आलाय खेळ म्हणायचे. एके दिवशी मी धूळ पुसताना बटणं दाबली गेली आणि हिरव्या पडद्यावर पत्ते पसरले. एक पान मी उगीच दाबलं. आतला शिकवणारा गोरा मास्तर म्हणाला, "सॉरी, ट्राय अगेन." आणि मागून, खाटेवरून, चिडका हुंकार आला.

मी वळून बघितलं. ह्यांचं तोंड भिंतीकडं नव्हतं, पडद्याकडं होतं. कपाळाला आठी होती. ती आठी बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नात ह्यांचं हसू बघूनही झाला नव्हता. त्या दिवशी वाटीभर पेज पोटात गेली.

मग काय, मी ब्रिज शिकायला बसले. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, त्यालाही गंज चढलेला. आणि पत्ते म्हणाल तर माहेरी आम्ही मेंढीकोट खेळायचो. त्यात दश्शी म्हणजे मेंढी, तीच सगळ्यात मोलाची. चार भावंडांत मेंढी राखण्यात माझा हात कुणी धरायचं नाही. ती सवय जाता जाईना. इथंही दश्शी आली की मी जिवापाड जपायची, तिच्यापायी एक्के-राजे उधळायची. गोरा म्हणायचा सॉरी. हे कण्हायचे. ब्रिजमध्ये दश्शीला कुत्रं विचारत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला पाडवा उजाडला.

हळूहळू यायला लागलं. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. आपल्या हातातले गुण मोजायचे आणि बोलीतून समोरच्या भिडूला सांगायचे. भिडूनं बोली लावली आणि आपल्याकडं सहाच्या खाली असले तर गप्प पास म्हणायचं. हे मी गोऱ्याकडून इतक्या वेळा ऐकलं की भाकरी थापताना तोंडात यायचं. मग तो सॉरी कमी आणि "वेल डन" जास्त म्हणायला लागला.

आणि तिथंच घात झाला. मी चुकेना म्हणून हे कण्हेनात. पडद्यावरचा खेळ नीट चालला की ह्यांचे डोळे मिटायला लागायचे. मला भीती वाटली. मग मी मुद्दाम चुकायला लागले. दोन दिवस ते चाललं. तिसऱ्या दिवशी मी एक्का मुद्दाम फेकला आणि मागं बघितलं, तर हे माझ्याकडंच बघत होते. ओळखलं होतं त्यांनी. त्यांनी सावकाश भिंतीकडं तोंड वळवलं, आणि त्या संध्याकाळी पेजेचा चमचा दातांवर आपटून परत आला. पुढं पाण्याशिवाय काही जाईना.

मी जैनोद्दीन सरांना फोन लावला. झटक्यानंतर ते आणि आण्णा दोनदाच येऊन गेले होते.

"सर, रविवारी पत्ते खेळायला या. आण्णांनाबी घेऊन या."

"वहिनी, मला तिथं येऊन बघवत न्हाय हो."

"तुम्हाला बघवत न्हाय, आन मी काय डोळे मिटून बसलेय व्हय? हणमंतप्पांच्या खुर्चीत मी बसते. मला येतंय आता."

मग म्हणाले, "येतो."

तयारी मी केली. ह्यांना एका हातात तेरा पानं धरता येणार नाहीत, म्हणून धुण्याचा नवा ब्रश आणला आणि उलटा ठेवला. त्याच्या केसांत पत्ते छान उभे राहतात. बोली तोंडानं सांगता येणार नाही, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या, एकेका चिठ्ठीवर एकेक बोली. रविवारी सकाळी ह्यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. "आज सर येणार हायत, आण्णा येणार हायत. तुमची भिडू मी हाय," असं सांगितलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बघून घेतलं. नंतर आरशाकडं बघितलं. डाव्या हातानं केस मागं सारले. मी देवापुढं साखर ठेवली.

दोघे आले. आण्णांनी टेबल मांडलं, चाकाची खुर्ची पुढं घेतली. पानं ह्यांच्या नावानं सरांनीच पिसली आणि वाटली, म्हणजे पहिली बोली ह्यांची. ह्यांची पानं मी न बघता ब्रशात खोचून दिली आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

हे पानांकडं बघत होते. किती दिवसांनी मी त्यांना कशाकडं तरी असं बघताना पाहत होते! मान जरा पुढं, डोळे बारीक. मग डावा हात चिठ्ठ्यांवर फिरला, अडखळला, आणि एक चिठ्ठी पुढं सरकली. एक किलवर.

"पास," आण्णा म्हणाले.

मी माझी पानं मोजली. दुऱ्या, तिऱ्या, चव्वे आणि एक गुलाम. म्हणजे एक गुण. बरोबर उत्तर मला पाठ होतं. ताठ बसून, शाळेत हजेरीला "हजर" म्हणायची तशी मी म्हणाले, "पास."

आण्णांनी मान खाली घातली. हे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं शाबासकी आहे. सर आपल्या पानांकडं नुसतेच बघत राहिले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "एक इस्पिक."

ह्यांनी मान वळवून सरांकडं बघितलं. सरांनी नजर टाळली. ह्यांचा चेहरा लाल झाला, डावा हात उचलला गेला आणि ब्रशावर असा बसला की सगळी पानं जमिनीवर गेली. उलटी पडली, सुलटी पडली. चित्रंच चित्रं, आणि एक्के. मी खाली वाकून ती गोळा करत होते आणि तोंडानं म्हणत होते, "काय झालं, काय चुकलं, पुन्हा वाटू की, पुन्हा वाटू." पण ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. आण्णांनी आणि सरांनी मिळून त्यांना उचललं आणि खाटेवर नेऊन निजवलं. तोंड भिंतीकडं.

फाटकापाशी मी सरांना अडवलं. "मी काय चुकले, ते सांगितल्याबिगर जाऊ देणार न्हाय."

"चुकलो मी," सर म्हणाले. "माझ्याकडं इस्पिक नावालाबी नव्हतं. मी पास म्हणलो असतो तर लागोपाठ तिसरा पास होऊन बोली तिथंच संपली असती. आप्पाला पुन्हा एकदा बोलायला मिळावं म्हणून खोटंच बोललो. इस्पिकची वरची सगळी पानं त्याच्याच हातात. त्याला कळणार न्हाय व्हय? भीक घातल्यासारखं झालं."

"पण बोली संपली असती तर काय बिघडत होतं? मी काय केलं?"

"तुम्ही पास म्हणलात."

"माझ्याकडं एक गुलाम होता हो सर! मशीन म्हणतं, सहाच्या खाली पास."

"मशीनचं खोटं न्हाय. ते दुनियेचं हाय. आप्पाचं आन हणमंतप्पांचं निराळं होतं." सरांनी चष्मा काढून पुसला. "आप्पानं एक किलवर म्हणलं की त्याचा किलवरशी काही संबंध न्हाय. त्याचा अर्थ, माझा हात लई मोठा हाय, तुझ्याकडं काय हाय ते सांग. काहीच नसलं तर हणमंतप्पा म्हणायचे, एक चौकट. म्हंजे माझ्याकडं काही न्हाय, पण मी हाय, तू पुढं बोल. एक किलवरवर पास कधीच न्हाय, वहिनी. एवढ्या वर्षांत एकदाबी न्हाय."

आण्णा गाडीपाशी उभे राहून जमिनीकडं बघत होते. मला दोघांचाही राग आला. मग त्या गोऱ्याचा आला, मेलेल्या हणमंतप्पांचा आला. आणि सगळ्यात जास्त कुणाचा आला ते सांगायला मी तरातरा घरात गेले.

वाटेत स्वयंपाकघरातून ताट घेतलं. दुधात कुस्करलेली भाकरी. खाटेच्या कडेवर बसले आणि त्या पाठीशी भांडले. "मला कुणी सांगितलं होतं? एवढी वर्षं चहा आणला, पोहे आणले, तुमच्या त्या एक किलवरचा अर्थ एकदा तरी सांगितला व्हय मला? हणमंतप्पाला शिकवला. बायकोला काय गरज! आता ती मशीनसमोर बसून शिकली तर तिच्यावर रुसता? मी तुम्हाला सोडून पास म्हणले न्हाय हो. माझ्याकडं काही नव्हतं म्हणून म्हणले. आत्ताबी काही न्हाय. तुम्ही असं पडून राहिलात तर मी काय करू, मला काही सुचत न्हाय. काही म्हंजे काहीच न्हाय माझ्याकडं." रडू आवरेना, पण तसंच म्हणाले, "एक चौकट. ऐकलंत का? एक चौकट."

पाठ हलली नाही. मी पुन्हा म्हणाले. पुन्हा म्हणाले. बाहेर सरांची गाडी सुरू झाली आणि गेली.

मग पाठ हलली. अर्ध्या अंगाला कुशीवरून उताणं व्हायला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे. मी हात लावला नाही. हे वळले आणि माझ्याकडं बघितलं. चादरीवरचा डावा हात वर आला. दोन बोटं.

"दोन?"

पापण्या मिटून उघडल्या.

"दोन काय?"

चिठ्ठ्या टेबलावर राहिल्या होत्या. आणायला उठावं तर तेवढ्यात हे परत वळतील अशी भीती. मी बसल्या जागेवरून एकेक नाव घ्यायला लागले. "किलवर?" काही नाही. "चौकट?" काही नाही. मधे सवयीनं मी घास उचलला होता, तो हातातच होता. "बदाम?" काही नाही.

"इस्पिक?"

ह्यांनी तोंड उघडलं. अर्ध्या बाजूनं उघडतं तसं, वाकडं. ओठ थरथरले, जीभ दातांमागं काहीतरी शोधत होती, आणि घशातून बारीक आवाज निघाला. शब्द नव्हता तो अजून. ह्या उघड्या तोंडासाठी मी किती दिवस जीव टाकला होता. घास समोरच होता, नुसता आत सरकवायचा. पण बोलायची पाळी त्यांची होती. मी घास ताटात ठेवला, ताट खाली ठेवलं आणि थांबले.