साठ अर्ज आणि एक रिकामी सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-लाल पट्ट्यांची, साठ माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढी ऐसपैस. तुरुंगातल्या मागावर कैद्यांनी मला विणलं आणि चाकणपासून सांगवीपर्यंतच्या शाळांच्या मुख्याध्यापक संघानं मला आणलं.

मित्रांनो, मुख्याध्यापक म्हटलं की तुम्हाला दरारा आठवत असेल. मी त्यांना रडताना पाहिलंय. संघाचे जुने सचिव दत्तोबा सर यांनी रीत घातली होती. महिन्यातून एका शनिवारी संत तुकाराम नगरात बैठक, खुर्च्या नाहीत, सगळे माझ्यावर. कुणाच्या शाळेचं छप्पर गळतंय, कुणाचे शिक्षक सर्वेक्षणाला पळवलेत, ते ऐकायचं आणि मिळून वाट काढायची. मग डबे उघडायचे. "सर, तुमच्या ठेच्यापुढं खात्याचं परिपत्रक गोड लागतं," असं कुणी म्हणायचं आणि हसता हसता ठेचा माझ्यावर सांडायचा. सप्ताह असला की देऊळवाले मला कीर्तनाला मागून न्यायचे. टाळ-मृदंगाखाली अंथरलं की वाटायचं, या जन्माचं सोनं झालं.

पुढं फोनवर संघाचा ग्रुप निघाला. दुःखही तिथंच सांगायचं, सांत्वनही तिथंच. मला घडी घालून कपाटावर टाकलं. सात वर्षं मी धूळ खाल्ली.

यंदा सुमनताईंवर वेळ आली. कंपन्यांच्या शेडमागं त्यांची शाळा. मुलांचे आईबाप शिफ्टला, सात वर्गांना चार शिक्षक, त्यातले दोघं सर्वेक्षणाला नेलेले. शिक्षण खात्याच्या साहेबांनी तिसराही मागितला तेव्हा बाईंनी नाही म्हटलं. "सात वर्ग मी, एक शिक्षक आणि खिचडी करणाऱ्या गोजाबाई सांभाळतील, असं साहेबांनी लिहून द्यावं," एवढंच त्यांनी कळवलं. उत्तरात नोटीस आली. तुमचं मुख्याध्यापकपद का काढू नये, बुधवारी बाराला सुनावणी.

ग्रुपवर साठ जणांनी लिहिलं, आम्ही सोबत आहोत. ठरलं की अकरापासून साहेबांच्या खिडकीखाली शांतपणे बसायचं. आता निवृत्त झालेल्या दत्तोबा सरांनी मला उतरवलं, झटकलं आणि रिक्षातून कचेरीच्या आवारात आणून अंथरलं.

अकरा वाजले. माझ्यावर तिघंच होते, सुमनताई, दत्तोबा सर आणि गोजाबाई.

"बाई, बाकीचे कुटं हायती? का त्यांची शिफ्ट बदलली?" गोजाबाईंनी विचारलं.

दत्तोबा सरांनी संघाचे आताचे अध्यक्ष प्रीतम सर यांना फोन लावला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"निघतच होतो सर. पण रजेचा अर्ज नामंजूर झाला."

"कुणी केला?"

"साहेबांनी."

"कुठल्या साहेबांनी?"

मग हळूच, "तुम्ही ज्यांच्या दारात बसलाय, त्यांनीच."

साठही जणांनी रीतसर अर्ज धाडले होते. विषय, आपल्या कार्यालयासमोर बसण्यासाठी एक दिवसाची रजा मिळणेबाबत. साहेबांनी एकाच सहीत सगळे निकालात काढले.

"चोराकडंच कुलपाची किल्ली मागाय गेलं व्हय?" गोजाबाई म्हणाल्या. "मी खिचडी जावेवर टाकून आले. मला कुणी रजा दिलीया?"

माझा धागा न् धागा पेटला. गजेंद्राचं आख्यान मी कितीदा ऐकलंय. हत्तीचा पाय मगरीच्या जबड्यात, त्यानं हाक मारली, तर भगवंत गरुडासाठीसुद्धा थांबला नाही, तसाच धावला. आणि हे साठ शिकलेले लोक शिक्क्याची वाट बघत बसले.

बाराला सुमनताई आत गेल्या. साहेबांनी आधी खिडकीतून खाली पाहिलं. दोन डोकी, बाकी माझे मोकळे पट्टे. पुढचं दहा मिनिटांत उरकलं. बाई बाहेर येऊन माझ्यावर बसल्या.

"पद गेलं," त्या म्हणाल्या. "त्याचं एवढं नाही सर. तिसरा शिक्षक उद्यापासून जातोय."

तिघं माझ्यावरून उठले नव्हते. शाळा सुटल्यावर, साडेपाचला, एकेक गाडी आवारात शिरली. कचेरीची खिडकी कधीच बंद झाली होती. सगळ्यांनी चपला शिस्तीत ओळीनं काढल्या. प्रीतम सरांनी नामंजूर अर्ज प्लास्टिकच्या पिशवीतून जपून आणला होता, दाखवायला.

"ताई, आता बसतो. शाळा सुटल्यावर परवानगी लागत नाही."

सुमनताईंनी अर्ज वाचला आणि परत दिला. "बसा सर. सकाळी मला शेजारी माणूस हवा होता. आता नुसती गर्दी आहे."

साठ माणसं माझ्यावर बसली. इतकं ओझं मी कधी सोसलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मला अंथरा, माझ्यावर बसा, मी विरले तर विरू द्या, कारण घडीत पडून सतरंजी कुजते. आणि तुमच्या वर्गात चूक नसताना कुणाला उभं केलं, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. तेव्हाच. तास संपल्यावर नाही.